तसं लिहू नका

"नातं सांगा," चौगुले वकील तिसऱ्यांदा म्हणाले.

एस्तेरबाईंनी मांडीवरची पर्स या हातातून त्या हातात घेतली. "सांगितलं की. नातं नाही."

"बाई, कोर्टात जाऊन नातं नाही म्हणणाऱ्याला घरही नसतं."

"घर आहे. तेच वाचवायला तुमच्याकडं आले."

कोपऱ्यातल्या टेबलामागं बसून मी हसू दाबलं. मला सनद मिळून वर्षही झालं नव्हतं. चौगुले वकिलांकडं मी ज्युनिअर होते, म्हणजे पुस्तकं काढून देणं, तारखा घेणं आणि साहेब बोलतील ते मान हलवत ऐकणं. पण माझं खरं शिक्षण त्याआधी झालं होतं, वडिलांच्या किराणा दुकानात. पायरी चढणारं माणूस रोखीचं की उधारीचं, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. एस्तेरबाई रोखीच्या होत्या. असं माणूस पक्षकार म्हणून बरं, साक्षीदार म्हणून अवघड. ते पदरी नसलेलं काही काढून देत नाही.

प्रकरण असं होतं. मगदूमांच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, भाड्यानं. भाडेकरू यमुना सिस्टर, दवाखान्यातल्या नर्स. त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या नर्स म्हणजे या एस्तेर घाटगे. दोघींनी त्या खोलीत जवळजवळ अख्खी नोकरी काढली. यमुना सिस्टर पोटाच्या आजारानं गेल्या, आणि पंधरवडा उलटायच्या आत मगदूमांनी इनामदार वकिलांमार्फत दावा टाकला. म्हणणं सरळ होतं: भाडेकरू मेली, ही बाई कोण लागून गेली, खोली द्या.

चौगुले वकिलांनी भाडेकायदा उघडून पानावर बोट ठेवलं. "ऐका. भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत राहणारी, त्याच्या कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. आता या वाक्याचे दोन तुकडे करा. 'सोबत राहणारी' हा तुकडा तुमचा. 'कुटुंबातली' हा तुकडा यमुना सिस्टरांच्या भावाचा, त्या हिंदुरावाचा. त्यानं बहिणीचं तोंड कधी बघितलं होतं?"

"तिला नवऱ्यानं टाकली, तेव्हा. दारात उभं करून परत पाठवलं होतं."

"तर तो हिंदुराव मगदूमांना मिळालाय. मला खोली नको म्हणून लिहून देऊन मोकळा झाला. उरला एकच प्रश्न. तुम्ही कुटुंब आहात की नाही."

"कायद्यात कुटुंब म्हणजे काय लिहिलंय?"

चौगुले वकील खुर्चीत मागं टेकले. हा प्रश्न कुणी विचारला की त्यांना जेवण मिळाल्यासारखं व्हायचं. "काही लिहिलेलं नाही! तीच तर गंमत."

त्यांच्यामागच्या कपाटात इंग्लंडच्या कोर्टांच्या निवाड्यांचे खंड होते, कोल्हापुरातल्या कुणा बॅरिस्टरच्या मुलांनी वजनावर विकायला काढलेले. इंग्रज न्यायाधीशांबद्दल ते गल्लीतल्या माणसांसारखं बोलायचे: हा जरा ताठ, तो प्रेमळ पण लांबण लावणारा. एस्तेरबाईंना त्यांनी तेव्हाच सगळा पाठ दिला. कायद्याचं वाक्य वाचायच्या तीन तऱ्हा. पहिली, जे लिहिलंय तेच आणि तेवढंच. दुसरी, तसं वाचून वेडगळ काही निघत असेल, तर वेडेपणा टळेल इतकं वाकवायचं. तिसरी, हा कायदा कोणत्या दुखण्यावर केला ते शोधायचं आणि औषध लागू पडेल असा अर्थ घ्यायचा.

"आमच्या दुकानात पाटी आहे," मी मध्येच बोलले, "उधार मागू नये. एक गिऱ्हाईक कधीच मागत नाही. माल पिशवीत भरतो आणि म्हणतो, मांडून ठेवा."

"पहिली तऱ्हा," चौगुले वकील म्हणाले. "आणि तुझे वडील काय करतात?"

"पिशवी काढून घेतात."

"तिसरी."

एस्तेरबाई पहिल्यांदा किंचित हसल्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, पांढऱ्या साडीला इस्त्री. हसू आलं तसं आवरलंही.

"पन्नास साली," चौगुले वकील पुढं झुकले, "असाच एक गडी इंग्लंडात एका बाईजवळ राहत होता. लग्न नाही. ती गेली. कोर्ट म्हणालं, तू कुटुंब नव्हेस, चालू लाग. पंचविसेक वर्षांनी तसंच प्रकरण परत आलं, या वेळी मागं बाई उरलेली. आणि कोर्ट म्हणालं, साधं माणूस आज यांना कुटुंबच म्हणेल, राहू दे तिला. शब्द तोच, माणसं बदलली. तर आपल्यालाही साध्या माणसाच्या तोंडून वदवायचंय. आणि तुमच्या तोंडून. मानलेली बहीण होती म्हणा. बायका मैत्रिणीला बहीण मानतातच की."

"मानलेली नव्हती," एस्तेरबाई म्हणाल्या.

"मग?"

"काही मानलं नव्हतं आम्ही."

चौगुले वकिलांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ, हिला तू समजाव.

दुसऱ्या दिवशी मी खोली बघायला गेले, पुराव्याला काही सापडतंय का म्हणून. एका भिंतीवर येशूचं चित्र, दुसऱ्या भिंतीला यमुना सिस्टरांचा देव्हारा, आत जोतिबाचा टाक. निरांजनाची वात ताजी होती.

"दिवा कोण लावतं?"

"मीच. ती होती तेव्हा देव्हाऱ्याला हात लावू देत नव्हती. तुला काय कळतं म्हणायची. आता कोण लावणार?"

खिडकीखाली दोन लोखंडी कॉट एकमेकींना लावून ठेवल्या होत्या. दवाखान्यानं मोडीत काढलेल्या, ठिकठिकाणी पांढरा रंग उडालेल्या. दोन्हींचे पाय बँडेजच्या पट्टीनं एकमेकांना आवळून बांधले होते, गाठी नर्सच्या हाताच्या, चपट्या. वर एकच गादी.

"बांधल्यात कशाला?"

"फट पडते मध्ये," एस्तेरबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मला ती काटकसर वाटली. दोन भंगारातल्या कॉटमधून एक पलंग केला, दुकानदाराच्या मुलीला याचं कौतुक वाटणारच. मी ते तिथंच सोडून दिलं.

साधं माणूस मात्र सापडलं. शेजारच्या द्वारकाबाई लोहार. पोरीच्या बाळंतपणाला जायचं म्हणून कोर्टाच्या परवानगीनं त्यांची साक्ष एस्तेरबाईंच्या आधी झाली. न्यायाधीश रणनवरे साहेब माणूस बरा होता. वर्षभरात बदली होणार हे त्याला ठाऊक होतं, तरी घाई नव्हती.

इनामदार वकिलांनी उलटतपासणीला उठताना कोट झटकला. "काय हो, या दोघी एकमेकींच्या कोण, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? डोळं हाईत की."

"डोळ्यांनी काय दिसलं?"

"भांडताना दिसल्या."

कोर्टात हशा झाला. इनामदारांना जोर चढला. "म्हणजे पटत नव्हतं!"

"अवं वकीलसायेब, परकी माणसं भांडत न्हाईत, खोली सोडून जात्यात. ह्या दोघी सकाळी भांडायच्या आन सांजला एकीनं दुसरीचा डबा धुतल्याला असायचा. यमुनाबाईचं पोट दुखाया लागलं तवापासनं एस्तेरबाईनं मीठ सोडलं. तिला बंद, तर हिलाबी बंद. तुमच्यात घरचं माणूस ह्यापरास येगळं काय करतंय?"

रणनवरे साहेबांनी चष्मा काढून पुसला. चौगुले वकील माझ्या कानाशी पुटपुटले, "हिला इंग्लंडला पाठवायला पाहिजे."

युक्तिवादाचं अर्धं काम त्या दिवशीच झालं. साहेबांनी भर कोर्टात सांगून टाकलं: कुटुंब म्हणजे केवळ रक्त, हे मला मान्य नाही. कायदा माणसांना रस्त्यावर येऊ न देण्यासाठी आहे. त्या दोघी एका घरच्यासारख्या राहत होत्या हे प्रतिवादीच्या साक्षीत आलं, की मी विचार करीन. इनामदार वकिलांचा चेहरा आंबला. मागच्या बाकावर मगदूम आणि हिंदुराव एकमेकांकडं न बघता बसले होते, धंद्यातले भागीदार नफा कमी दिसला की बसतात तसे.

एस्तेरबाईंच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी चौगुले वकिलांनी त्यांना पुन्हा बोलावलं. "उद्या एक शब्द हवाय. साहेब द्यायला बसलेत, आपण फक्त हात पुढं करायचा. बहीण म्हणा. बहिणीसारखी म्हणा. मावशी, आत्या, काहीही म्हणा."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठं? 'सारखी' म्हणण्यात खोटं काय आलं?"

एस्तेरबाईंनी छताकडं बघितलं. "बघते," म्हणाल्या. रोखीच्या माणसाचं 'बघते' म्हणजे नकार असतो, हे मला कळायला हवं होतं. पण मीही त्या दिवशी साहेबांच्या मूडवर भरवसा ठेवून होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. सुरुवातीचं सगळं चौगुले वकिलांनी नीट काढून घेतलं: कधीपासून राहत होता, चूल एक होती का, आजारपण कुणी काढलं. मग इनामदार उठले.

तालुक्याच्या कोर्टात साक्ष कशी लिहिली जाते, हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगायला हवं. वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश दोन्हींचं मिळून एक वाक्य करतात आणि टायपिस्टला सांगतात. प्रश्न विरून जातो. कागदावर उरतं ते असं, जणू साक्षीदार आपण होऊन एकसलग बोलत होता. त्यात वाईट हेतू नसतो, कामाची पद्धत असते.

"आजारपण तुम्ही काढलंत," इनामदार म्हणाले. "पण तुम्ही नर्स. रोग्याची सेवा हा तुमचा पेशाच ना?"

"हो."

साहेब टायपिस्टला म्हणाले, "मी पेशाने परिचारिका आहे. रुग्णसेवा हे माझे काम आहे."

"यमुनाबाई गेल्यावर सुतक पाळलंत?"

चौगुले वकील उठले, "साहेब, बाई ख्रिस्ती आहेत."

"कुटुंब म्हणतात ना? मग सुतक असतं," इनामदार गोड हसले. "सांगा बाई."

"नाही पाळलं. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले. वॉर्डात माणूस नव्हतं. तिची पाळी रिकामी पडलेली, मग तिची पण मीच केली."

"मी सुतक पाळले नाही. तिसऱ्या दिवशी कामावर गेले," साहेब म्हणाले. टायपरायटर खडखडला. तिच्या पाळीचं वाक्य हवेत राहिलं.

"दहावं कुणी केलं?"

"हिंदुरावांनी. मीच निरोप पाठवून बोलावलं होतं. तिची इच्छा होती, घरच्या हातचं पाणी मिळावं."

"घरच्या हातचं! आणि तुम्ही घाटावर कुठं होता?"

"वरच्या पायरीवर."

"खाली का नाही उतरलात?"

एस्तेरबाईंनी मागच्या बाकाकडं बघितलं. हिंदुराव टोपीची घडी चाचपत होते. "खाली घरच्यांनी उभं राहायचं असतं, म्हणाले ते."

"दशक्रियेच्या वेळी मी घाटाच्या वरच्या पायरीवर होते. खाली मयताच्या घरचे लोक होते."

मी चौगुले वकिलांची बाही ओढली. एकेक वाक्य खरं होतं आणि सगळं मिळून खोटं होत चाललं होतं. त्यांनी माझा हात झटकला. त्यांना ते माझ्या आधी दिसलं होतं. पण दिसलं रणनवरे साहेबांनाही. इनामदार खाली बसताच त्यांनी लेखणी ठेवली आणि आवाज मऊ केला.

"बाई, मला एक सांगा. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलात, एकमेकींचं दुखणंखुपणं बघितलंत. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणींसारख्याच राहत होता, असंच ना?"

इनामदार अर्धे उठले, मग बसले. कुणालाही कळलं असतं, हा प्रश्न नव्हता. साहेबांनी खोलीची किल्ली पुढं केली होती.

एस्तेरबाई काही बोलल्या नाहीत. साहेबांनी तो होकार धरला आणि टायपिस्टकडं वळले. "लिही. मी व मयत यमुना, आम्ही सख्ख्या बहिणींप्रमाणे—"

"तसं लिहू नका, साहेब."

टायपरायटर थांबला. बाहेर व्हरांड्यात पुकारा करणाऱ्या शिपायाचा आवाज तेवढा येत राहिला.

"काय म्हणालात?"

"बहिणींसारखं नाही. तसं लिहू नका."

"का हो?"

"मला सख्खी बहीण आहे, साहेब. सांगोल्याला. बहीण काय असते ते मला ठाऊक आहे. यमुना तशी नव्हती."

इनामदार वकिलांना राहवलं नाही. "मग कशी होती?"

एस्तेरबाईंनी पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. त्यांची नजर इनामदारांवरून मगदूमांवर गेली, मगदूमांवरून हिंदुरावांवर, तिथून दारातल्या गर्दीवर. पुढच्या पुकाऱ्याची वाट बघणारे, तंबाखू मळणारे, जांभया देणारे लोक. सगळी साधी माणसं. मग नजर परत साहेबांकडं आली.

"बाई, उत्तर द्या," साहेब म्हणाले. आवाजातला मऊपणा अजून गेला नव्हता. "बहीण नाही, तर मग काय लिहू?"

"आम्ही राहत होतो. एवढंच लिहा."

"ते तर कुणीही कुणाहीबरोबर राहतं. वसतिगृहात राहतात, तुरुंगात राहतात."

साहेब वाट बघत थांबले, न्यायाधीशानं थांबावं त्याहून जास्त. मग टायपिस्टला म्हणाले, "खोड ते बहिणींचं वाक्य."

व्हरांड्यात येताच चौगुले वकील फुटले. मी त्यांना पक्षकारावर ओरडताना त्याआधी किंवा नंतर कधी बघितलं नाही. "एक शब्द! बाई, तो माणूस ताटात वाढून देत होता! एका शब्दासाठी कुणी छप्पर घालवतं?"

एस्तेरबाई खांबाला टेकून पर्सची चेन उघडझाप करत होत्या. "एकदा तिच्या गावचे पाहुणे आले होते, वकीलसाहेब. त्यांच्यासमोर मी तिला यमुनाताई म्हणून हाक मारली. बरं दिसावं म्हणून. ते गेल्यावर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. शेवटी बोलली तेव्हा म्हणाली, जगाला काय सांगायचं ते सांग, पण मला नाव बदलून हाक मारू नकोस." चेन बंद झाली. "आता ती नाही म्हणून कसं म्हणू?"

चौगुले वकिलांनी काळा कोट काढून हातावर टाकला, माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिगाडे, रिक्षा बघ बाईंना," आणि बाररूमकडं निघून गेले. मला तेव्हा वाटलं, रागानं गेले.

निकाल महिन्याभरात आला. साहेबांनी लिहिताना त्रास घेतला होता, हे मान्य करायला हवं. कुटुंब या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, हे चौगुले वकिलांचं म्हणणं पान भरून मान्य केलं. मग शेवटी: कायद्यात नसलेला शब्द न्यायालय घालू शकत नाही, आणि साक्षीदाराने शपथेवर नाकारलेला शब्द त्याच्या तोंडी घालू शकत नाही. प्रतिवादीने कौटुंबिक नाते स्वतःच नाकारले आहे. ताबा वादीस द्यावा.

"अपील करू," मी म्हणाले.

"तिथं परत तेच विचारणार ना?" एस्तेरबाई म्हणाल्या. अपील झालं नाही.

ताब्याच्या दिवशी चौगुले वकिलांनी मला पाठवलं. कोर्टाचा बेलिफ मुजावर सभ्य माणूस. वॉरंट दाखवून बाजूला उभा राहिला. सामान थोडंच होतं. एस्तेरबाई मिशनच्या बायकांच्या आश्रमात निघाल्या होत्या. तिथं कॉट आश्रमाचीच असते, एकेकीला एकेक, आपलं लाकूडलोखंड आणायचं नाही असा नियम. येशूचं चित्र त्यांनी उशीच्या अभ्र्यात घातलं. देव्हारा द्वारकाबाईंच्या स्वाधीन केला. द्वारकाबाई सकाळपासून मगदूमांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, तो जरा थांबवून त्यांनी देव्हारा दोन्ही हातांनी घेतला.

"दिवा सांजचाच लावत जा," एस्तेरबाई म्हणाल्या. "उशीर झालेला तिला चालत नाही."

उरल्या त्या कॉट. दोन्ही मिळून दारातून निघेनात. मगदूमांच्या माणसानं खिशातून ब्लेड काढलं आणि बँडेजपाशी वाकला.

"कापू नका," एस्तेरबाई म्हणाल्या. "सोडते मी."

त्या जमिनीवर बसल्या. गाठी जुन्या होत्या, कितीतरी पावसाळ्यांची ओल खाऊन घट्ट झालेल्या. त्यांनी नखानं एकेक पदर उचलला, कुणाची जखम उघडताना उचलावा तसा. शेवटची गाठ सुटली तेव्हा दोन्ही कॉट लोखंडाचा आवाज करून जराशा सरकल्या आणि मध्ये फट पडली. बोटभरच. त्या फटीकडं बघत मी तशीच उभी राहिले, आणि इतके दिवस समोर असलेलं मला तेव्हा दिसलं. ती काटकसर नव्हती. कोर्टात साहेबांनी मागितलेलं उत्तर मी खोली बघायला आले त्या दिवशीच त्यांनी मला दिलं होतं, चहा टाकायला जाताजाता.

एस्तेरबाईंनी बँडेज गुडघ्यावर ताणून ताठ गुंडाळलं, वॉर्डात परत वापरायला गुंडाळतात तसं, आणि पर्समध्ये टाकलं. कॉट भंगारवाल्यानं नेल्या.

पुढं माझी स्वतःची प्रॅक्टिस झाली. चौगुले वकिलांची दृष्टी गेली, तसं कोर्टही सुटलं. दर रविवारी जाऊन मी त्यांना काहीतरी वाचून दाखवायची. बहुतेक निवाडेच, वर्तमानपत्रातल्या माणसांपेक्षा निवाड्यातली माणसं बरी, म्हणायचे. नव्याण्णव साल सरून गेल्यावर एका रविवारी मी इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहाचा, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा, एक ताजा निकाल घेऊन गेले. कोल्हापूरच्या ग्रंथालयातून छायाप्रत काढून आणली होती. काय आहे ते आधी सांगितलं नाही.

मी वाचत गेले. लंडनमधली भाड्याची जागा. दोन पुरुष, वर्षानुवर्षं एकत्र राहिलेले. त्यातला भाडेकरू जिन्यावरून पडला आणि अंथरुणाला खिळला. दुसऱ्यानं तो जाईपर्यंत त्याचं सगळं केलं. मग घरमालक आला. हा कुटुंबातला आहे काय? पाच न्यायाधीशांपैकी तिघे म्हणाले, आहे. शब्द तोच जुना. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे कधी आलं नसेल, पण आज त्या शब्दाचा अर्थ तिथवर पोचतो.

चौगुले वकिलांचा हात चाचपडत कपाटाच्या दिशेला गेला आणि परत मांडीवर आला.

"मला त्या दिवशी व्हरांड्यात कळलं होतं, लिगाडे," ते म्हणाले. "तिनं ताईची गोष्ट सांगितली तेव्हा. पण ते घेऊन परत आत कसा जाणार होतो? कपाटभर पुस्तकं, आणि आधाराला एक निवाडा नाही."

"आता आहे."

"आता आहे." ते कडू हसले. "साक्षीत काय उरलं होतं गं तिच्या?"

"सुतक पाळलं नाही. वरच्या पायरीवर उभी होते. नर्स आहे. बाकीचं खोडलं."

"हं. आणि कशानं गेल्या त्या? तू गेली होतीस ना आश्रमात."

"कॉटवरून पडून. खुबा मोडला, त्यातून उठल्या नाहीत. दुसऱ्याच वर्षी."

"म्हाताऱ्या माणसाला अरुंद कॉट देतात हे लोक. कठडा लावायला काय होतं?"

"अरुंद नव्हती, साहेब. तिथली बाई सांगत होती, आधीही एकदा पडल्या होत्या. किती वेळा आत सरकवून निजवलं, तरी अगदी कडेवर येऊन झोपायच्या." मी छायाप्रतीची पानं सारखी केली. "भिंतीकडची अर्धी जागा मोकळी ठेवून."